दक्षिणा, वार आणि शिष्यवृत्ती

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीपुढे विद्यार्थ्यांची रांग लागते. कोणाच्या हातात उत्पन्नाचा दाखला असतो, कोणाच्या हातात जातीचा, कोणी बँकेचे पुस्तक घेऊन उभा असतो. गेल्या वर्षी अशाच रांगेतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी माझ्याजवळ आला व म्हणाला, "सर, हे अर्ज, हे दाखले पूर्वी नव्हते, तेव्हा गरिबाची मुले शिकत तरी कशी?" मी त्यास त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले, परंतु ते उत्तर पुरते नाही हे देतानाच मला कळत होते. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे सावकाश दिलेले उत्तर होय.

विद्यार्थ्यास मिळणाऱ्या द्रव्यसाहाय्याचा इतिहास हा वरवर पाहता औदार्याचा इतिहास वाटतो. दाते किती होते, त्यांनी किती दिले, ह्याच्या याद्या करणे सोपे असते. परंतु प्रत्येक साहाय्यास तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ते कोणास मिळाले? ते कोणत्या अटीवर मिळाले? आणि ज्यास मिळाले त्याने त्याची फेड कोणाकडे केली? हे तीन प्रश्न विचारले म्हणजे तोच इतिहास निराळा दिसू लागतो. आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर तो फारच बोधप्रद ठरतो. कारण ह्या जिल्ह्याने देशास विद्वान पुष्कळ दिले, पण त्यांस शिकविण्याइतका पैसा ह्या जिल्ह्याजवळ कधीच नव्हता.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यासाहाय्याचा आरंभ पेशवाईतील दक्षिणेपासून धरावा लागतो. ही प्रथा मूळची सेनापती खंडेराव दाभाडे ह्यांची. श्रावणमासी तळेगावास विद्वान ब्राह्मणांस द्रव्य वाटण्याचा त्यांचा परिपाठ होता. इ. स. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, आणि त्यानंतर पहिल्या बाजीरावाने ती प्रथा पुण्यास आणून चालू ठेवली. पुढे पर्वतीच्या पायथ्याचा रमणा हे दक्षिणेचे ठिकाण झाले. शास्त्रांची परीक्षा देऊन उतरलेल्या पंडितास मोठी रक्कम, आणि ज्याचे पाठांतर बेताचे त्यास रमण्याच्या दारी किरकोळ रक्कम, अशी त्याची साधारण व्यवस्था होती. ह्या दानामागे विद्येविषयी आदर होता ह्यात संशय नाही. पण ती विद्या एकाच जातीची, एकाच भाषेची आणि बव्हंशी पाठांतराची होती. दक्षिणा विद्येची होती तितकीच ती पुण्याचीही होती, आणि पुण्य मिळविणारास घेणारा काय शिकतो ह्याची फारशी फिकीर नसते.

१८१८ साली राज्य बुडाले तेव्हा दक्षिणेचे काय करावे हा प्रश्न माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढे आला. ती एकाएकी बंद केली तर पुण्यातला विद्वद्वर्ग बिथरेल, आणि जशीच्या तशी चालवावी तर इंग्रज सरकारच्या दृष्टीने तो व्यर्थ खर्च, असा तो पेच होता. त्याने मधला मार्ग काढला. सालीना पन्नास हजार रुपयांची रक्कम राखून ठेवण्यात आली आणि १८२१ साली पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. हीच पाठशाळा पुढे इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन १८५१ साली पूना कॉलेज झाली, आणि तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. ज्या पैशातून रमण्यावर मोहरा व रुपये वाटले जात, त्याच पैशाच्या ओघाने एका महाविद्यालयाचा पाया भरला गेला, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

परंतु खरा वाद त्यापुढे झाला. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आदी सुधारकांनी सरकारास अर्ज केला की, दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा आणि तो कोणत्याही जातीच्या माणसास मिळावा. पुण्यातील सनातनी मंडळी ह्यावर भयंकर संतापली. कारण त्यांच्या दृष्टीने हा त्यांच्या ताटातला घास होता. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. पुढे ह्याच फंडातून जोतीराव फुले ह्यांच्या शाळांसही काही साहाय्य मिळाले. शंभर वर्षे जे द्रव्य एका वर्गासाठीच होते, त्याचा लहानसा का होईना पण प्रवाह मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळांकडे वळला. रकमेपेक्षा ह्या वळणास महत्त्व आहे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि दक्षिणेस नवीनच रूप आले. हुशार विद्यार्थ्यास महाविद्यालयात ठेवून घ्यावे, त्याने पुढचा अभ्यास करावा आणि खालच्या वर्गास शिकवावे, अशा अटीवर दक्षिणा फेलोशिपा सुरू झाल्या. त्या मिळविणारांत दोन नावे ठळक आहेत: महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. ह्यांपैकी भांडारकर हे मालवणचे. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे वडील सरकारी खात्यात कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली म्हणूनच मुलास येथील इंग्रजी शाळा लाभली, आणि तेथून १८५३ साली तो मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये गेला. कारकुनाची बदली दुसरीकडे कोठे झाली असती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत रानडे व भांडारकर हे दोघेही होते. म्हणजे, ज्या दक्षिणेवर पूर्वी वेदशास्त्रसंपन्न भटजी पोसले गेले, तिच्यावरच पुढे प्रार्थनासमाजाचे दोन आधारस्तंभ वाढले. दात्याने दान कोणत्या हेतूने दिले ह्यावर त्याचे फळ सर्वस्वी अवलंबून नसते, एवढे ह्यावरून सिद्ध होते.

शिष्यवृत्ती मिळविणारे मात्र मूठभर. बाकीच्या शेकडो मुलांचे काय होत असे? येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. रत्नागिरीस महाविद्यालय निघाले ते १९४५ साली. तोपर्यंत कोकणातल्या मुलास मॅट्रिकच्या पुढे जावयाचे म्हणजे आगबोटीने मुंबईस नाहीतर घाट चढून पुण्यास किंवा कोल्हापुरास जाणे प्राप्त होते. त्यामुळे त्याच्यापुढचा पहिला प्रश्न फीचा नसून जेवणाचा होता, दुसरा प्रश्न झोपावयाच्या जागेचा, फी तिसरी. ह्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने दोन प्रकारांनी दिले होते, माधुकरी आणि वार.

माधुकरी म्हणजे दारोदार फिरून शिजलेले अन्न मागणे. मधमाशी जशी फुलाफुलातून थोडे थोडे घेते तसे हे घेणे, म्हणून त्यास हे गोड नाव. वाराची पद्धत थोडी निराळी. सात दिवसांस सात घरे ठरवून घ्यावयाची. सोमवारी वैद्यांकडे, मंगळवारी वकिलांकडे, अशी आठवड्याची पोथी विद्यार्थ्याच्या डोक्यात तयार असे. एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी चणेकुरमुरे अथवा उपास. ज्या घरी वार त्या घरी सोयरसुतक आले, यजमान गावी गेले, वा घरची बाई आजारी पडली, म्हणजे त्या आठवड्याचा तो दिवस कोरडा जाई. काही घरी मुलास आपल्या पोराच्या पंक्तीस बसवीत आणि वाटीत तूप घालीत. काही घरी सर्वांची जेवणे उरकल्यावर त्याचे पान मांडीत. जेवणारास ह्या दोहोंतला फरक जन्मभर आठवे. वाराने जेवून मोठे झालेल्या आमच्या मागल्या पिढीतील पुष्कळ गृहस्थांच्या घरी पुढे एक तरी विद्यार्थी जेवावयास असे. ती त्यांची फेड होती. १९०९ साली पुण्यात जे अनाथ विद्यार्थी गृह निघाले व जे पुढे पुणे विद्यार्थी गृह ह्या नावाने प्रसिद्धीस आले, ते ह्याच परंपरेस संस्थेचे रूप देण्याचा प्रयत्न होते.

ही पद्धत मनोरम आहे असे म्हणून आपण येथेच थांबू शकलो असतो. पण पहिला प्रश्न विचारलाच पाहिजे: ती कोणास मिळे? माधुकरीची झोळी ब्राह्मणाच्या मुलाच्याच खांद्यावर शोभे. वाराचे पान ब्राह्मणाच्याच मुलास मांडले जाई. कुणबी, भंडारी, गाबीत, महार ह्यांच्या मुलाने कोणाच्या दारी उभे राहावयाचे होते? त्यास शहरात आप्त नाहीत, सोवळ्याच्या घरात प्रवेश नाही, खाणावळीतही जागा मिळेलच असे नाही. शाळेचे दार कायद्याने सर्वांस उघडे झाले तरी जेवणाचे दार बंद होते, आणि जेवणाचे दार बंद म्हणजे शाळेचेही बंदच. आपल्यातील अनेक वयोवृद्ध लोक वाराच्या आठवणी मोठ्या गहिवराने सांगतात. त्या खऱ्या असतात. पण ज्यांना वारही लागला नाही त्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या नाहीत, कारण ते लिहिण्याइतके शिकलेच नाहीत.

ह्याखेरीज साहाय्याचा एक प्रकार असा आहे की जो कोणत्याही संस्थेच्या अहवालात सापडत नाही. तो म्हणजे घरच्या माणसांनी पोटास चिमटा घेऊन दिलेला पैसा. गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातील कोतळूकचे. १८७९ साली वडील वारले तेव्हा वडील बंधू गोविंदराव ह्यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठविले. एका मित्राने गोपाळास नाटकास नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले, तेव्हा ते भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवून तो रस्त्यावरील कंदिलाखाली वाचीत बसे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. महाविद्यालयात जाण्याची वेळ आली तेव्हा भावजयीने अंगावरचे दागिने पुढे केले. गोखल्यांचे चरित्र आपण शाळेत शिकतो. गोविंदरावांचे आणि त्या भावजयीचे शिकत नाही. पण कोकणातील शिक्षणाचा जमाखर्च कोणी प्रामाणिकपणे मांडील तर जमेच्या बाजूस सर्वांत मोठी रक्कम अशा भावांच्या आणि अशा बायांच्या नावावर निघेल. एका मुलाने शिकावे म्हणून दुसऱ्याने शिक्षण सोडावे, हा हिशेब किती घरांत झाला असेल! आणि जिचे दागिने गेले तिला स्वतःला अक्षरओळख तरी होती काय, हे विचारण्याची कोणास आठवणही झाली नाही.

गोखल्यांच्याच पिढीतील धोंडो केशव कर्वे हे मुरुडचे. १८७५ साली मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते ऐन पावसाळ्यात सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि तेथे वय लहान दिसते म्हणून परीक्षेस न बसविता त्यांस परत पाठविण्यात आले. ज्याने अशी पायपीट केली त्यास दुसऱ्याच्या वाटेवरचे दगड दिसू लागतात. मुंबईस शिकवण्या करून ते स्वतः पदवीधर झाले. आणि मुर्डीचा त्यांचा आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा बुद्धिमान मुलगा त्यांनी आपल्या देखरेखीखाली मुंबईस घेतला. परांजपे १८९६ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. त्या काळी अशा माणसास सरकारदरबारी वाटेल ती जागा मिळाली असती. तथापि त्यांनी जाण्यापूर्वीच फर्ग्युसन महाविद्यालयाची सेवा करण्याचे वचन दिले होते. ते पाळून १९०२ साली ते तुटपुंज्या वेतनावर तेथे प्राचार्य झाले. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर शिकवावे, म्हणजे संस्थेस फी कमी ठेवता येते, ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीत. हेही विद्यार्थ्यांस मिळालेले द्रव्यसाहाय्यच म्हटले पाहिजे. ते कोणत्याही विद्यार्थ्याच्या नावाने खर्ची पडले नाही एवढेच.

मुलींच्या वाट्यास ह्यांतील काहीच आले नव्हते. त्यांच्यासाठी झोळी घेण्याचे काम स्त्रियांनाच करावे लागले. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले ह्या बालपणीच पुरेसे शिक्षण न मिळालेल्या, पुढे वैधव्य आलेल्या. कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमात शिकून त्या त्याच संस्थेच्या कामास लागल्या आणि तिच्यासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. जिला कोणी शिष्यवृत्ती दिली नाही, तिने दुसऱ्या शेकडो मुलींची शिष्यवृत्ती दारोदार फिरून गोळा केली.

आता अटींकडे वळू. श्यामजी कृष्णवर्मा व सरदारसिंह राणा ह्यांनी विलायतेस जाणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांपैकी शिवाजी शिष्यवृत्ती टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकर ह्यांस मिळाली व १९०६ साली ते लंडनला गेले. कृष्णवर्म्यांच्या योजनेची अट अशी की, घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करू नये. ह्याच्या उलट संस्थानिकांच्या शिष्यवृत्तीची अट अशी असे की, परत येऊन संस्थानची नोकरी करावी. सरकारी शिष्यवृत्ती राजनिष्ठ पदवीधर पाहिजे म्हणून. कृष्णवर्म्यांची बंडखोर पाहिजे म्हणून. संस्थानिकांची कामगार पाहिजे म्हणून. निव्वळ शिकावे म्हणून शिकविणारा दाता विरळाच.

अशा अटीवरच, पण फार दूरवर परिणाम करणारी अशी एक शिष्यवृत्ती आपल्या जिल्ह्याशी संबद्ध आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचे मूळ गाव. त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीस गेला. मुंबईस शाळेत असता हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथे त्याच्याकडे एका शिक्षकाचे लक्ष गेले. ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, मराठीतील नामांकित चरित्रकार. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी त्यास आपले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे पैशाअभावी शिक्षण अडू लागले तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे त्यांनीच शब्द टाकला. बडोद्याहून दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. पदवीनंतर १९१३ साली महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. अट, परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. कोलंबिया विद्यापीठाचे दार असे उघडले.

मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धाच टाकून १९१७ साली आंबेडकरांस परतावे लागले. बडोद्यास ते नोकरीवर रुजू झाले. पण ज्या नगरीच्या राजाने त्यांस अमेरिकेस पाठविले त्या नगरीत त्यांस राहावयास कोणी जागा देईना. साडेअकरा पौंड देणारी तिजोरी एका खोलीचे दार उघडू शकली नाही. द्रव्यसाहाय्याची मर्यादा कोठे आहे हे ह्याहून स्पष्ट दुसऱ्या कशाने होईल? पुढे त्यांनी मुंबईस सिडेनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठविले, शाहू छत्रपतींनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊन आपला अभ्यास पुरा करून आले. स्वतःची कमाई, राजाश्रय, मित्राचे कर्ज आणि शिष्यवृत्ती. आज आपण साहाय्याचे जे प्रकार मोजतो ते सर्व एका माणसाच्या आयुष्यात एकवटले होते.

शाहू छत्रपतींनी ह्यापूर्वीच दुखण्याचे मूळ ओळखले होते. मुलास फी माफ करून भागत नाही, त्यास शहरात राहावयास व जेवावयास मिळाले पाहिजे, हे जाणून त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली. ज्यांस वार लागत नव्हता त्यांच्यासाठी हा राजाने लावलेला वार होता. भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. तेथील खर्चासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, पुन्हा दागिनेच. भाऊरावांनी त्यात आणखी एक तत्त्व घातले, ते म्हणजे कमवा आणि शिका. घेणाऱ्याने हात पसरावयाचा नाही, हात चालवावयाचे. मला वाटते, माधुकरीच्या झोळीस दिलेले हे सर्वांत सडेतोड उत्तर होते.

आणि फेड? आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असता १९४४ साली अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली त्यांच्या संस्थेने मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले. बडोद्याची दहा वर्षांची नोकरी त्यांच्याकडून झाली नाही. परंतु त्या पंचवीस रुपयांची फेड ज्या प्रमाणात झाली तशी जगात क्वचितच कोणत्या कर्जाची झाली असेल. आणि ह्यात निव्वळ रकमेची वाढ झाली असे नव्हे. एका राजाच्या मर्जीने एकास मिळालेली गोष्ट कायद्याने सर्वांस मागता येऊ लागली. दानाचा हक्क झाला.

हा हक्क आज पुष्कळ विस्तारला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या, मागासवर्गांच्या व आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांच्या विद्यार्थ्यांसाठी फीची सवलत आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी निर्वाह भत्ते आहेत. बँकांची शैक्षणिक कर्जे आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या घरांतील मुलींना महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे. पैसे विद्यार्थ्याच्या बँकखात्यात जमा होतात. कोणाच्या माजघरात मान खाली घालून बसावे लागत नाही. ज्यांना पूर्वीचा काळ गोड वाटतो त्यांनी एवढ्या एका गोष्टीची किंमत करावी.

तरीही रांगेतून आलेला तो विद्यार्थी मला आठवतो. त्याचा अर्ज एका दाखल्यावाचून अडला होता. त्याचे वडील होडीवर होते. तो दाखला कोठे मिळतो हे घरात कोणासच ठाऊक नव्हते. आम्ही दोघे दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत गेलो आणि काम झाले. त्यात माझे औदार्य काहीच नव्हते. पैसा सरकारचा, हक्क त्याचा. परंतु हक्क आणि हक्कदार ह्यांच्यामध्ये अजूनही चार पावलांचे अंतर असते, आणि ते चालताना कोणीतरी सोबत लागते. सयाजीरावांची तिजोरी होतीच. केळुसकरांनी बागेत वाचणाऱ्या मुलाकडे पाहिले नसते तर ती त्या मुलापुरती बंदच राहिली असती. तिजोरीचे काम आता राज्याने उचलले आहे. केळुसकरांचे काम मात्र कोणत्याही खात्याकडे सोपविता येत नाही. ते तुमच्या-माझ्याकडेच राहिले आहे.